चार दारे उघडल्याबद्दल

पाटाला शेवटचं पाणी येऊन अठरा दिवस झाले होते. शेपटाकडच्या, म्हणजे पाट संपतो तिथल्या, शेतांत कांद्याच्या पाती टोकाकडून पिवळ्या पडायला लागल्या होत्या आणि आबा पत्र सांगत होते.

"इही," आबा म्हणाले. म्हणजे लिही.

सून भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कोरा कागद. दिवसभर खुरपं धरून बोटं अशी आखडली होती की पेन धरायचं म्हणजे आधी डाव्या हातानं उजव्याची बोटं सरळ करावी लागत. तिनं ती केली आणि लिहिलं, 'संपादक महाशय यांस, स. न. वि. वि.'

सहा वर्षांपूर्वी आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात होता, पण नसल्यातच जमा. जीभही त्याच बाजूनं जड झाली. अक्षरं अर्धी गळायची, आणि 'आ' आणि 'ओ' यांच्यात तर काही भेदच उरला नाही. 'काम' म्हणाले की 'कोम' ऐकू यायचं. बाहेरच्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे. सुनेला कळायचं, कारण जेवण, आंघोळ, अंथरूण सगळं तिच्याच हातून व्हायचं. कोणता शब्द बसतो ते बघायचं आणि तो लिहायचा. गावात तिला 'आबांची कारकून' म्हणत. चिडवायला म्हणत, पण ती चिडत नसे.

शहरातून दर शुक्रवारी चार पानांचं वर्तमानपत्र निघायचं. त्याच्या तिसऱ्या पानावर वाचकांची पत्रं यायची, आणि त्यातलं एक आबांचं असायचं. पाटातला गाळ कुणी काढला आणि बिल कुणी लावलं, पाणी वाटणाऱ्या संस्थेची सभा कागदावर कधी झाली, पाणी सोडायच्या दारांची चाकं का गंजली. खाली सही ठरलेली, 'आपला, एक शेपटाकडचा'. शेपटाकडे राहणारी घरं शंभर, पण लिहिणारा कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पत्रात कुणाला टोमणे आहेत नि कुणाला शिव्या, याचं सुनेला सोयरसुतक नव्हतं. आबा सांगायचे, ती लिहायची. मग पाकीट बंद करून चुलीवरचं बघायला उठायची.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली होती. आबांनी सहा वर्षांत सगळ्यावर लिहिलं, पण चोरदारावर एक ओळ नाही.

संस्थेच्या चेअरमनच्या बागेमागं पाटाच्या भरावात एक लोखंडी दार होतं. नकाशात नव्हतं, वहीत नव्हतं. पुढं काट्याकुट्या लावून झाकलेलं. पाटाला पाणी असलं की बागेला तिथून पाणी, पाटाचं पाणी वर अडवलं तरी दाराशी साठलेल्या डोहातून बागेलाच पाणी. चोरी अंधारात करतात हे ज्यांनी कधी केली नाही त्यांचं म्हणणं. पाण्याची चोरी भर दुपारी होते, पाटावर चिटपाखरू नसतं तेव्हा. आणि त्या दाराचं चाक फिरवणारा हात सुनेच्या नवऱ्याचा होता. तो संस्थेचा पाटकरी. दारं उघडायची, दारं लावायची, हे त्याचं काम. त्याच्या तळव्यातले काटे ती सुईनं काढायची. कुठले काटे, हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

*

त्या आठवड्यात सून चेअरमनच्याच बागेत खुरपायला होती. पंधरा बायका ओळीनं बसलेल्या. माती खुरप्याला चिकटत होती. एवढे दिवस पाटाला पाणी नसताना माती ओली होती, पण त्यावर एकही बाई बोलली नाही. बोलून काय, हाताला काम होतं.

झाडाखाली खुर्ची टाकून चेअरमन दाढी करून घेत होता. न्हावी पाती परजत होता आणि समोर आरसा धरून पाटकरी उभा होता. कामाला म्हणून बोलावलं आणि हातात आरसा दिला. ती दहा पावलांवर खाली मान घालून खुरपत होती. सगळं ऐकू येत होतं.

"किती वर्षं झाली रे तुला रोजंदारीवर?"

"अकरा, साहेब."

"अकरा! अरे, एवढ्यात माणूस म्हातारा होतो. आरसा सरळ धर."

त्यानं सरळ धरला.

"कायम करायची यादी महिनाअखेरीला वर जाणार. सात जागा आहेत. सातवं नाव तुझं आहे. आता रेघ सातव्याच्या खाली मारायची की वर, ते माझ्या हातात."

"साहेब, हलू नका," न्हावी म्हणाला.

"तुझ्या बापाचं माझ्याशी एवढं काय वाकडं आहे? शेपटाला चार दारं उघडून दोन दिवस पाणी दिलं की नाही मागच्या महिन्यात?"

"दिलं, साहेब."

"मग ते कुणी छापलं? शिव्या द्यायच्या तर पेन चालतं, आभार मानायचे तर शाई संपते होय? निवडणूक तोंडावर आहे. एक पत्र येऊ दे चांगलं. आभाराचं. त्यांच्याच सहीनं. लोकांचा विश्वास त्यांच्यावर जास्त, काय करणार!"

न्हावी हसला. पाटकरीही हसला. आरसा धरून दंड भरून आले होते, तो खांदा बदलत होता. सुनेनं वर पाहिलं नाही. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. शेजारची बाई तिच्याकडे बघतेय हे मात्र तिला कळलं, आणि तिनं हात जरा जोरात चालवला.

*

"आबा, एकच पत्र," नवरा म्हणाला. बापाच्या पायाशी बसला होता, चपलाही काढल्या नव्हत्या. "पुन्हा कधी म्हणणार नाही. अकरा वर्षं घासली. कायम झालो की सुटलो. पुढं तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

आबा छताकडे बघत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. वाद घातला नाही. सुनेला वाटलं होतं डावा हात उशीवर आपटतील, तोही आपटला नाही.

"इही," ते म्हणाले.

तिनं पुठ्ठा घेतला. वर मथळा घातला, 'चार दारे उघडल्याबद्दल आभार'. तो नवऱ्यानंच सांगितला. मग आबा सांगत गेले, आणि ती एकेक शब्द सुटा करून लिहीत गेली. 'गेल्या महिन्यात चेअरमन साहेबांनी आपल्या अधिकारात...'

"चो दाये उघयी," आबा म्हणाले.

पेन थांबलं. "चार ना, आबा?"

आबांनी पुन्हा तेच म्हटलं. त्याच जड जिभेनं, तसंच.

"चारच गं!" नवरा वैतागला. "दारं किती आहेत शेपटाच्या फाट्याला? चार. पाच कुठून येतील? लिही पुढं."

तिनं 'चार' लिहिलं. '...चार दारे उघडली. त्यामुळे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे सर्वांना दिसले. शेपटाकडचे आम्ही सर्व त्यांचे आभारी आहोत.'

नवऱ्यानं कागद घेऊन वाचला. ओठ हलवत वाचला, दोनदा. "झकास," तो म्हणाला. मग बापाच्या पायांवर हात ठेवून थोडा वेळ बसला. कितीतरी दिवसांनी तो घरात असा निवांत बसलेला तिनं पाहिला.

दुसऱ्या दिवशी तो पाटावर गेल्यावर ती आबांना भरवायला बसली. तीन घास झाले. चौथा तिनं हातातच ठेवला.

"आबा, काल तुम्ही काय म्हणालात? चार असेल तर चार बोटं दाखवा."

डावा हात चांगला होता. चार बोटं दाखवायला काहीच अडचण नव्हती. आबांनी हात उचलला आणि मूठ मिटली. मिटलेली मूठ तिच्यासमोर तशीच धरून ठेवली.

"त्यांचा हात आहे हो त्या चोरदाराच्या चाकावर," ती म्हणाली. "तुमच्या लेकाचा. म्हणून तर इतकी वर्षं तुम्ही त्यावर लिहिलं नाहीत ना?"

आबांनी मान हलवली. हो. मग बोलायला लागले. एका शब्दाला चार-चार दम लागत होते. तिनं मधे एकही शब्द सुचवला नाही, पुरं होऊ दिलं. रोजंदारीवर आहे तोवर उद्या सोडेल, परवा सोडेल, असं मला वाटत होतं. आता कायम होणार. कायम झाला, तर कायमचा चोर.

हा शब्द लावून घ्यावा लागला नाही.

तिनं हातातला घास पुढं केला. आबांनी खाल्ला.

*

वर्तमानपत्राचं ऑफिस म्हणजे एका दुकानावरची खोली. टेबल, जुन्या अंकांचे गठ्ठे, एक पंखा. संपादक म्हणून जो बसायचा तोच टाइप करायचा आणि तोच पाकिटावर पत्ते चिकटवायचा. त्याला बारमाही सर्दी. तिला बघून म्हणाला, "या कारकूनबाई."

पत्र वाचताना त्याचा रुमाल नाकाशीच राहिला.

"हे आबांचं?"

"हो."

"बरे आहेत ना ते?"

"आहेत तसेच आहेत."

"नाही, सहा वर्षं छापतोय त्यांना. माणूस रागावतो, चुकतो, पण लाळ घोटत नाही. हे त्यांनीच सांगितलं, की कुणी त्यांच्या नावानं?" त्यानं कागद तिच्यापुढं सरकवला. "छापायला माझं काय जातंय! तुम्ही एकदा वाचून बघा आणि सांगा, सांगितलं तसंच आहे का. एवढंच विचारतोय."

ती कागद बघत राहिली. हे छापलं की नवरा कायम. एक मात्रा दिली की नाव कटलं, आणि नुसतं नावच कटेल असंही नाही. तिला दोन्ही दिसत होतं. तरी ती कडधान्य निवडायला बसल्यासारखी बसली होती. शूर वगैरे ती कधी नव्हती. खरं-खोटं हा प्रांत आबांचा. सांगितलं तसं लिहायचं, एवढं एकच काम तिला चोख येत होतं, आणि त्यात काल पहिल्यांदा खोट आली होती. ते तिला सहन होईना.

तिनं टेबलावरचं पेन उचललं आणि 'चार'च्या कान्यावर मात्रा दिली. 'चार'चं 'चोर' झालं.

संपादकानं कागद फिरवून घेतला. वाचला. रुमाल खाली ठेवला.

"वर मथळ्यात चारच राहिलंय."

"मथळा आबांनी सांगितलेला नाही," ती म्हणाली.

परतताना रस्ताभर तिला वाटत होतं, नवऱ्याला विचारायला हवं होतं. घरी पोचल्यावर तो म्हणाला, "दिलंस?" ती म्हणाली, "दिलं." पुढं बोलायला तोंड उघडलं, तोवर तो गुणगुणत आंघोळीला गेला होता.

*

शुक्रवारी पत्र आलं, आणि जे झालं ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. चेअरमननं मथळा वाचला. आजवर त्या सहीखाली स्वतःबद्दल चांगला शब्द त्यानं पाहिला नव्हता, तो हरखला. पुढच्या तीन ओळी वाचायचं त्याला सुचलंच नाही. त्यानं शिपायाला सांगून पत्र कापून घेतलं आणि संस्थेच्या फळ्यावर लावायला लावलं. दोन दिवस ते तिथं होतं. लोक यायचे, वाचायचे, खोकायचे आणि निघून जायचे. चेअरमनला सांगायला जाणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?

सोमवारी सभेला पाटबंधारे खात्याचा साहेब आला. चेअरमनला यायला उशीर झाला. साहेब वेळ जावा म्हणून फळ्यावरचे कागद वाचत उभा राहिला.

"हे चोरदार कुठंय?" त्यानं शिपायाला विचारलं.

"ते होय? बागेच्या मागं," शिपाई म्हणाला. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट लपवायचीही असते, हे बिचाऱ्याच्या डोक्यात आलं नाही.

साहेब जीपनं तिकडे गेला. दुपारचे बारा वाजले होते. पाटकरी काट्या बाजूला सारून चाक फिरवत होता.

संध्याकाळी तो घरी आला तो हात हलवत आला. दारांच्या चाकाचा दांडा अकरा वर्षं त्याच्या खांद्यावर असायचा, तो काढून घेतला होता. अंगणात बसला. सुनेनं पाणी दिलं, ते तो प्यायला.

"पत्रात तसं कुणी लिहिलं?"

आतून आबा काहीतरी ओरडले. मी, मी, असं असावं.

"आबांनी सांगितलं," ती म्हणाली. "मात्रा मी दिली."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर?"

"नको म्हणालो असतो."

त्यानंतर चार दिवस तो बोलला नाही. मारलं नाही, ओरडला नाही, जेवणावरून उठला नाही. सकाळी फावडं घेऊन जायचा, कुणाच्या विहिरीचा गाळ काढायचा आणि चिखलानं माखून यायचा. ती पाणी तापवून ठेवायची. तिलाही बागेत आता कुणी बोलावत नव्हतं. घरच्या शेतातला कांदाही पुरता करपला होता. तिघं एका खोलीत होती आणि जो तो आपापल्या भिंतीकडे बघत होता.

पुढच्या शुक्रवारी तिसऱ्या पानावर चेअरमनचं पत्र आलं. आबांनी वाचायला सांगितलं. नवरा दारात बसून पायाच्या भेगांत तेल चोळत होता.

तिनं वाचलं. "'जागरूक वाचकाने लक्ष वेधल्याबद्दल संस्था त्यांची आभारी आहे. चौकशीत असे आढळले की संबंधित पाटकऱ्याने संस्थेला अंधारात ठेवून परस्पर हे दार बसवले व वर्षानुवर्षे पाण्याची चोरी केली. अशा चोरास...'"

ती थांबली.

"वाच," नवरा म्हणाला.

"'अशा चोरास कामावरून कमी करण्यात आले असून पोलिसांत तक्रार दिली आहे. आपला, चेअरमन.'"

आबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एका बाजूचं त्यांना पुसता यायचं, ते पुसत होते. लेकाला वाचवायला म्हणून लिहिलं, आणि लेकालाच नेऊन चोरांच्या ओळीत बसवलं. सून उठली आणि तिनं दुसऱ्या बाजूचं पुसलं.

नवऱ्यानं तेलाची वाटी बाजूला ठेवली. हात पंचाला पुसले.

"पुठ्ठा घे," तो म्हणाला.

तिला आधी समजलंच नाही. त्यानं आजवर एक ओळ कधी सांगितली नव्हती. तिनं कागद घेतला.

"लिही. दार मी उघडत होतो. अकरा वर्षं. बसवलं मी नाही. मी कामाला लागलो तेव्हा ते होतंच. उघड म्हणायचे तेव्हा उघडायचो, लाव म्हणायचे तेव्हा लावायचो. कोण म्हणायचं, ते नाव घालून लिही. कुठल्या दिवशी किती वेळ, ते मला तोंडपाठ आहे, तेही सांगतो." त्यानं सांगितलं. ती लिहीत गेली. त्याचा शब्द न् शब्द स्वच्छ होता, काही लावून घ्यावं लागत नव्हतं, तरी तिचा हात मागं पडत होता. "खाली सही शेपटाकडचा नको. माझं नाव घाल. मधे आबांचं, शेवटी आडनाव. पुरं."

"पोलीस याच कागदावर धरतील तुम्हाला," ती म्हणाली.

"धरतील."

तिनं नाव घातलं. कागद उचलायला लागली, तर तो म्हणाला, "थांब. अजून एक राहिलं."

तो तिच्याकडे बघत नव्हता. उंबऱ्याकडे बघत होता.

"मागच्या वर्षी शेपटाकडचे सगळे कांदे जळाले आणि आपला एकट्याचा आला. तू चाळीस दिवस कमरेवर घागरी वाहिल्यास. घागरींनी एवढं रान भिजतं होय? दोनदा मी पाणी फिरवलं. शेजारच्या गवंड्याच्या पाण्याच्या पाळीतलं. त्याचा कांदा त्याच आठवड्यात गेला."

गवंड्याची बायको मागच्या वर्षी याच दारात बसून रडली होती, आणि सुनेनं तिला सांगितलं होतं, "बाई, कष्टाला पर्याय नाही." आपलं हे बोलणं तिला आता शब्दाशब्दानं ऐकू आलं. कान तापले. गेली कितीतरी वर्षं तिला असं काही झालं नव्हतं. जमिनीत शिरावं असं वाटलं.

"हे पण लिहू?" तिनं विचारलं. नवऱ्याला नाही, आबांना. त्या कांद्याचं तिघांनीही खाल्लं होतं.

आबांनी डाव्या हातानं डोळा पुसला.

"इही," ते म्हणाले.

सहीच्या खाली थोडी जागा होती. तिथं तिनं बारीक अक्षरात लिहायला घेतलं, 'आमच्याही शेतात...'